वेशीवर थांबलेली गाडी : अटलांटाच्या ‘मार्टा’चं प्रकरण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराच्या पश्चिमेला ‘मार्टा’ या सार्वजनिक बस-मेट्रोसेवेचं बँकहेड नावाचं मेट्रोस्टेशन आहे. डिसेंबर १९९२ मध्ये ते उघडलं तेव्हा त्याचा फलाट दोन डबे मावतील एवढाच बांधलेला होता. याच मेट्रोच्या मुख्य मार्गांवरचे फलाट आठ डब्यांच्या गाडीला पुरतील असे आहेत. त्यामुळे बँकहेडला जाणाऱ्या हिरव्या मार्गाची गाडी वर्षानुवर्षं दोन डब्यांचीच धावत आली. शहराच्या मधल्या स्टेशनांवरच्या लांबच लांब फलाटावर ती येऊन थांबते आणि टोकाला उभे असलेले नवखे प्रवासी तिच्यामागे पळत सुटतात. रोजचे लोक आधीच मधोमध जाऊन उभे असतात.

फलाट एवढा आखूड का, असं विचारलं तर पैशांची तंगी असं उत्तर मिळतं. खोटं नाही ते. पण हा मार्ग मुळात बँकहेडला संपायचाच नव्हता. तो पुढे पेरी होम्स या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या सरकारी वसाहतीपर्यंत जाणार होता. १९७१ मध्ये मार्टाच्या करासाठी मतं मागताना तसं वचन दिलेलं होतं. गाडी तिथवर कधीच गेली नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसाहतही पाडली, म्हणजे वचन कुणाला दिलं होतं तेही जागेवर उरलं नाही.

सार्वजनिक वाहतूक आणि वंशभेद म्हटलं की आपल्याकडे पटकन आठवते ती अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी न सोडलेली बसमधली जागा. ती लढाई मोठीच होती. अटलांटाचं प्रकरण तिच्यानंतर सुरू होतं. बसमध्ये कुणी कुठे बसायचं हा प्रश्न कायद्यानं मिटला, आणि मग माणसाला मागच्या बाकावर बसवायची गरजच उरणार नाही अशी सोय झाली. गाडीच हद्दीपलीकडे न्यायची नाही. ही सोय कुठल्याही एका कायद्यानं केली नाही. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सीमा, एका सेंटचा विक्रीकर आणि सार्वमताची मतपत्रिका एवढ्यावर ती झाली. तिन्ही गोष्टींत वंश हा शब्द कुठेही लिहिलेला नाही.

आधी जागेचा प्रश्न

जॉर्जिया राज्यानं १८९१ मध्ये ट्राममध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांना वेगळं बसवण्याचा कायदा केला. सप्टेंबर १९०६ मध्ये अटलांटात गोऱ्या जमावानं कृष्णवर्णीयांची कत्तल केली, तेव्हा चालत्या ट्राम अडवून त्यातल्या माणसांना बाहेर ओढलं होतं. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार यशस्वी झाल्यावर जानेवारी १९५७ मध्ये रेव्हरंड विल्यम होम्स बॉर्डर्स आणि त्यांचे सहकारी धर्मोपदेशक अटलांटाच्या बसमध्ये चढले आणि पुढच्या जागांवर बसले. त्यांना अटक झाली, दावा चालला, आणि जानेवारी १९५९ मध्ये फेडरल न्यायालयानं बसमधलं वेगळं बसवणं घटनाबाह्य ठरवलं.

सगळं तुलनेनं शांततेत पार पडलं. महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांना आपल्या शहराचा फार अभिमान. द्वेष करायला सवड नसलेलं शहर, अशी त्याची ख्याती त्यांनीच करून ठेवली होती. धंदा चालू राहिला पाहिजे, कोकाकोलाचं गाव आहे, उगाच दंगे नकोत, हा त्यातला व्यावहारिक भाग. सवड नव्हती हे खरं असेलही. पण नकाशा काढायला वेळ मिळाला होता.

पश्चिमेकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग २० आखताना तो गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमधली सीमा ठरावा असा हेतू शहराच्या नियोजनात उघड होता. शहराच्या पोटातून जाणाऱ्या दुसऱ्या महामार्गानं ऑबर्न ॲव्हेन्यू ही कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची भरभराटीची पेठ मधून कापली. आणि रस्त्यांची नावं. पाँस डी लिऑन ॲव्हेन्यू ओलांडला की सरळ जाणाऱ्या रस्त्याचं नाव बदलतं. उत्तरेला मन्रो ड्राइव्ह, दक्षिणेला तोच रस्ता बुलेवार्ड. उत्तरेला ब्रायरक्लिफ, दक्षिणेला मोरलँड. उत्तरेच्या गोऱ्यांना दक्षिणेच्या कृष्णवर्णीयांसारखा पत्ता नको होता, असं तिथले जुने लोक सांगतात. आपल्याकडे वेस ओलांडली की पाणवठा बदलायचा. इथं पाटी बदलते.

याहून ढळढळीत प्रकार डिसेंबर १९६२ मध्ये झाला. नैर्ऋत्येकडच्या गोऱ्या वस्तीत एका कृष्णवर्णीय डॉक्टरानं घर घ्यायची तयारी केली आणि शेजाऱ्यांचं धाबं दणाणलं. महापौर आयव्हन ॲलन यांनी पेटन रोड आणि हार्लन रोड या दोन रस्त्यांवर चक्क अडसर उभे केले. रस्ताच बंद! वर्तमानपत्रांनी त्याला अटलांटाची बर्लिन भिंत म्हटलं. मार्च १९६३ मध्ये न्यायालयानं ते बेकायदा ठरवले आणि अडसर निघाले. अडसर निघताच आजूबाजूच्या गोऱ्यांनी भराभर घरं विकली. हेच ॲलन त्याच वर्षी जुलैमध्ये वॉशिंग्टनला गेले आणि हॉटेलं, दुकानं, नाट्यगृहं सर्वांना खुली करणाऱ्या कायद्याच्या बाजूनं साक्ष दिली. दक्षिणेतल्या मोठ्या शहराच्या गोऱ्या महापौरानं असं करणं तेव्हा धाडसाचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या. हे प्रकरण अभ्यासताना चांगले आणि वाईट अशा दोन पंगती मांडायच्या नादाला लागू नये, याचं एक कारण ॲलन आहेत.

साठच्या दशकात सुमारे साठ हजार गोरे रहिवासी शहर सोडून गेले, सत्तरच्या दशकात आणखी लाखभर. १९७० च्या जनगणनेत अटलांटा कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर झालं होतं. गेलेले लोक फार लांब गेले नाहीत. उत्तरेला कॉब आणि ग्विनेट, दक्षिणेला क्लेटन, म्हणजे महामार्गानं अर्ध्या तासावर. नोकरी शहरात, घर वेशीबाहेर. आपल्याकडे वेशीबाहेर ठेवलं जातं ते दुबळ्याला. अमेरिकेच्या शहरांत जो सबळ तो वेशीबाहेर गेला आणि मग त्यानं वेस लावून घेतली. मराठी वाचकाला हे प्रकरण समजून घेताना डोक्यातला नकाशा आधी उलटा करून घ्यावा लागतो.

एक सेंट आणि पंधरा सेंट

मार्टा म्हणजे महानगर अटलांटा जलद वाहतूक प्राधिकरण. १९६५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं त्याचा कायदा केला. कल्पना पाच काउंट्यांची होती : फुल्टन आणि डिकॅल्ब (अटलांटा शहर या दोन्हींत पसरलेलं आहे), शिवाय क्लेटन, कॉब आणि ग्विनेट. यात यायचं की नाही हे प्रत्येक काउंटीच्या मतदारांनी ठरवायचं होतं. कॉबनं १९६५ मध्येच नकार दिला. उरले चार.

पैसे उभारण्यासाठी १९६८ मध्ये मतदान झालं. कर मालमत्तेवर बसणार होता. योजना पडली, आणि ती पाडण्यात कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा वाटा होता. प्राधिकरणाच्या बैठकांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आखलेले मार्ग उत्तरेच्या गोऱ्या उपनगरांतून बाबूलोकांना कचेरीत आणण्यासाठी होते; जे रोज बसवर अवलंबून होते त्यांच्या वस्त्यांना मिळणार होतं फार थोडं. त्यांनी हिशेब केला आणि नाही म्हटलं. या गोष्टीकडे मार्टाच्या कहाणीत अनेकजण ओझरतं बघून पुढे जातात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढचं जे काही चांगलं झालं ते या नकारामुळे झालं.

१९७० मध्ये सॅम मॅसेल महापौर झाले, शहराचे पहिले ज्यू महापौर, कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून आलेले. त्यांचे उपमहापौर मेनार्ड जॅक्सन पुढे १९७३ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. मॅसेलनी ओळखलं की या वेळी कृष्णवर्णीय नेत्यांशी आधी सौदा करायला हवा. तिकडून मागण्या आल्या : तिकीट स्वस्त करा, कामात आणि कंत्राटांत वाटा द्या, पेरी होम्सला रेल्वे आणा. तिकीट तेव्हा चाळीस सेंट होतं. ठरलं ते असं, की मालमत्ता कराऐवजी डॉलरमागे एक सेंट विक्रीकर घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात तिकीट पंधरा सेंट करून सात वर्षं वाढवायचं नाही.

विक्रीकर गरिबाला जास्त चावतो, कारण त्याची जवळजवळ सगळी कमाई खरेदीत जाते. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. मॅसेलचं उत्तर : रोज दोन वेळा बसनं जाणाऱ्याचे पन्नास सेंट वाचतील, ते धरून हिशेब करा. स्वतः बसमधून फिरून ते पत्रकं वाटत आणि प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरं देत. गर्दीच्या वेळी महामार्गावर गाड्या तुंबल्या की हे हेलिकॉप्टरमधून वर घिरट्या घालत आणि भोंग्यातून खाली ओरडत : यातून सुटायचं असेल तर होय म्हणा! खाली अडकलेल्या मोटारवाल्याला आकाशवाणी व्हावी तसं ते वाटलं असेल.

९ नोव्हेंबर १९७१ ला मतदान झालं. डिकॅल्ब होय म्हणालं. फुल्टननंही होय म्हटलं, पण पाचशेहून कमी मतांच्या फरकानं. क्लेटन आणि ग्विनेटनं साफ धुडकावलं. पाचातले दोन उरले, आणि मार्टाचा नकाशा तिथे ठरला.

पुढचं पटापट झालं. फेब्रुवारी १९७२ मध्ये मार्टानं शहरातली खासगी बस कंपनी विकत घेतली, मार्चपासून तिकीट पंधरा सेंट झालं आणि बस भरून वाहू लागल्या. फेडरल निधीही भरपूर आला, कारण सिएटलच्या मतदारांनी १९७० मध्ये आपल्या मेट्रोला नकार दिला होता आणि तिथला पैसा इकडे वळला. ३० जून १९७९ ला पहिली गाडी पूर्वेच्या मार्गावर धावली. आज ३८ स्टेशनं आहेत आणि सुमारे ७७ किलोमीटर लोहमार्ग. वॉशिंग्टनची मेट्रो याच पिढीतली, १९७६ ला सुरू झालेली. तिथे आज ९८ स्टेशनं आहेत.

विधिमंडळानं लावलेलं कुलूप

राज्यानं मार्टाला जन्म दिला आणि पालनपोषणाची जबाबदारी झटकली. जॉर्जियाच्या घटनेत पेट्रोलवरचा कर फक्त रस्ते आणि पुलांवर खर्च करायचं बंधन आहे, त्यामुळे तिथून एक छदामही मिळणं शक्य नव्हतं. वर आणखी एक अट आली : विक्रीकराच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त भाग रोजच्या चालवण्यावर खर्च करायचा नाही, उरलेला बांधकाम आणि यंत्रसामग्रीसाठी. मॅसेल पुढे सांगत, की ही अट लेफ्टनंट गव्हर्नर (राज्यातले गव्हर्नरखालचे पदाधिकारी) लेस्टर मॅडॉक्स यांनी घातली. नाहीतर सेनेटमध्ये विधेयक अडवीन असं बजावलं. हे मॅडॉक्स म्हणजे आपल्या खानावळीतून कृष्णवर्णीयांना हाकलायला ग्राहकांच्या हाती कुऱ्हाडीचे दांडे देणारे आणि त्यावर राज्यभर लोकप्रिय होऊन गव्हर्नर झालेले गृहस्थ.

अट वाचायला निरुपद्रवी आहे. तिचा परिणाम बघायचा तर २०१० मध्ये यावं. मंदीत खरेदी घटली, विक्रीकर आटला, आणि मार्टाच्या तिजोरीत बांधकामाच्या नावे पैसे असूनही चालकांचे पगार द्यायला हात आखडता घ्यावा लागला. त्या वर्षाच्या सुरुवातीला मार्टानं आपल्या बस आणि मेट्रोच्या डब्यांवर मोठ्या लाल फुल्या मारल्या. साधारण तीनातल्या एका गाडीवर फुली. म्हणजे मदत मिळाली नाही तर एवढ्या गाड्या बंद होतील, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं. फुली मारलेल्या बसमध्ये बसून लोक कामावर जात होते. शेवटी डझनावारी बसमार्ग बंद झालेच. ती निम्म्याची अट कायमची निघायला २०१५ साल उजाडलं.

दुसरीकडे रेल्वे मात्र वाढत होती, कारण बांधकामाचा पैसा बांधकामावरच घालायचा होता. उत्तरेचा मार्ग १९९६ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर डनवुडीपर्यंत आणि २००० मध्ये नॉर्थ स्प्रिंग्सपर्यंत गेला. तो भाग श्रीमंत, कार्यालयांनी गजबजलेला, आणि मुख्य म्हणजे कर भरणाऱ्या फुल्टन-डिकॅल्बच्या हद्दीतला. त्याचाही हक्क होताच. पण पेरी होम्सचा रांगेतला नंबर १९७१ चा होता.

अक्षरांचा खेळ आणि नदीतले मासे

मार्टा ही आद्याक्षरं घेऊन गोऱ्या उपनगरांत एक विनोद वर्षानुवर्षं फिरला. त्याचा अर्थ, आफ्रिकन लोकांना अटलांटातून झटपट हलवणारी सेवा. विनोदात एक अडाणी गृहीतक आहे, की ही गाडी ‘त्यांची’ आहे. कॉब आणि अटलांटा यांच्यामध्ये चॅटाहूची नदी वाहते. मार्टाला रोखायचं तर या नदीत पिरान्हा मासे सोडू, असं कॉबचे एक कमिशनर ऐंशीच्या दशकात बोलून गेले. ग्विनेटमध्ये मोटारींच्या मागे स्टिकर दिसत : अटलांटाच्या गुन्हेगारीत वाटेकरी व्हा, मार्टाला पाठिंबा द्या. घरफोडी करून टीव्ही डोक्यावर घेऊन मेट्रोनं परत जाणारा चोर या सगळ्यांच्या कल्पनेत होता. महामार्ग नऊ-दहा पदरी असताना चोर तिकीट काढून फलाटावर का ताटकळेल, हे कुणी विचारलं नाही.

विरोध करणारे सगळेच हे बोलत नव्हते. आपला कर आपल्या काउंटीत राहावा, आम्हाला शहरी दाटीवाटी नको, रेल्वे महाग पडते, ही कारणंही होती आणि त्यात थोडंफार तथ्यही होतं. पण मार्टाच्या मंडळाचे गोरे अध्यक्ष डेव्हिड चेस्नट यांनीच १९८७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की या महानगराच्या वाहतुकीला वंशाच्या प्रश्नानं ओलीस धरलं आहे. आतल्या माणसाची ही कबुली आहे, तेव्हा निव्वळ करविरोधाची कारणं पुढे करणाऱ्यांनी तिला उत्तर द्यावं.

कॉबनं १९८९ मध्ये आपली वेगळी बससेवा काढली, ग्विनेटनं २००१ मध्ये. बस हवी, पण मार्टा नको. २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्हज हा बेसबॉलचा संघ शहराच्या मध्यातलं मैदान सोडून कॉबमधल्या नव्या मैदानावर गेला. तिथं मेट्रो जात नाही. स्थलांतराची घोषणा झाली तेव्हा तिथल्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनी वाहतुकीचा आग्रह धरला होता. कसला, तर उत्तर आणि पूर्वेकडून येणाऱ्या मोटारींच्या सोयीचा. अटलांटातून लोकांना रेल्वेनं कॉबमध्ये आणण्याचा नव्हे.

या सगळ्याची किंमत कोण भरतं? २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडलं, सगळे एकाच वेळी मोटारी घेऊन घरी निघाले आणि महामार्गांवर हजारो माणसं रात्रभर अडकली. हजारो मुलांनी शाळेत रात्र काढली. त्या रात्री गोरे-काळे सगळे सारखेच थंडीत कुडकुडले. पण रोजची किंमत सारखी वाटली जात नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अटलांटा परिसरात सर्वांत गरीब पंचमांशात जन्मलेलं मूल सर्वांत श्रीमंत पंचमांशात पोचण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास निघाली, देशातल्या मोठ्या शहरांत अगदी तळाला. सॅन होजेमध्ये ती जवळपास तेरा टक्के होती. हे सगळं वाहतुकीमुळे झालं असं नाही. पण नोकऱ्या उत्तरेला आणि त्या करू शकणारी माणसं दक्षिणेला, मध्ये बस नाही, ही स्थिती त्या आकड्याच्या पोटात नक्की आहे.

क्लेटन

दक्षिणेच्या क्लेटन काउंटीत १९७१ मध्ये जवळजवळ सगळे गोरे होते आणि त्यांनी मार्टा नाकारली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गोरे आणखी दूर सरकले आणि क्लेटन कृष्णवर्णीय बहुसंख्येची, कमी उत्पन्नाची काउंटी झाली. नकार मात्र वारसा हक्कानं नव्या रहिवाशांकडे आला. ज्यांनी मत दिलं ते गेले. ज्यांना बस हवी होती ते त्या मताखाली राहिले.

२००१ मध्ये काउंटीनं सी-ट्रॅन नावाची छोटी बससेवा सुरू केली. रोज आठ-नऊ हजार प्रवासी तिनं जात, बहुतेक कामावर जाणारे. ३१ मार्च २०१० ला पैसे नाहीत म्हणून ती बंद केली. आता गंमत अशी, की हार्ट्सफील्ड-जॅक्सन विमानतळाचा, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळाचा, मोठा भाग याच काउंटीत आहे. टर्मिनलला लागून १९८८ पासून मार्टाचं स्टेशन आहे. मुंबईहून किंवा पुण्याहून आलेला प्रवासी सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलून पाच मिनिटांत मेट्रोत बसतो आणि उत्तरेच्या टोकाला उतरतो, जिथे भाऊ किंवा मेहुणा मोटार घेऊन आलेला असतो. त्याच विमानतळावर बॅगा चढवणाऱ्या, स्वच्छतागृहं पुसणाऱ्या क्लेटनच्या माणसाला काही मैलांवरच्या घरी जायला पाच वर्षं एकही बस नव्हती. लोक चालत. वाहत्या रस्त्याच्या कडेनं, कारण पदपथ बऱ्याच ठिकाणी नव्हतेच. ज्यांना जमलं त्यांनी दोन-दोन हजार डॉलरच्या खटारा गाड्या घेतल्या आणि पगाराचा मोठा भाग त्यात घातला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लेटननं पुन्हा मतदान घेतलं. चारातल्या जवळजवळ तिघांनी होय म्हटलं, आणि एक सेंट कर आनंदानं ओढवून घेतला. मार्च २०१५ मध्ये मार्टाच्या बस क्लेटनमध्ये आल्या. त्रेचाळीस वर्षांत मार्टात सामील झालेली ही पहिली काउंटी. करातला निम्मा भाग रेल्वेसाठी बाजूला ठेवायचं ठरलं होतं. पुढे मालगाड्यांच्या रुळांच्या मालकांशी जमलं नाही आणि रेल्वेऐवजी बीआरटी (राखीव मार्गिकेवरून धावणारी जलद बस) करायचा निर्णय झाला. पेरी होम्सच्या जुन्या लोकांना यात नवल वाटलं नसतं.

ग्विनेट : नकार देणारे बदलले, नकार राहिला

इथवरची कहाणी सरळ आहे, कदाचित थोडी जास्तच. ग्विनेटमध्ये ती वाकडी होते.

१९७० मध्ये ग्विनेटची वस्ती सुमारे ७२ हजार होती, जवळजवळ सगळी गोरी. १९९० मध्ये मार्टात यायचं का असं पुन्हा विचारलं आणि दहातल्या सातांनी नाही म्हटलं. २०२० च्या जनगणनेत वस्ती साडेनऊ लाखांच्या पुढे गेली आणि गोरे एकतृतीयांशाच्या आत आले. कृष्णवर्णीय, लॅटिनो, कोरियन, व्हिएतनामी, आणि भारतीय. लिलबर्नचं मोठं स्वामिनारायण मंदिर याच काउंटीत. मराठी घरंही आहेत, गणपतीच्या दिवसांत मोदकांच्या साच्यांची देवाणघेवाण करणारी. म्हणजे ज्या लोकांच्या भीतीनं १९७१ आणि १९९० मध्ये नकार दिला, तेच लोक आता ग्विनेट आहेत.

मार्च २०१९ मध्ये मतदान झालं. डोराव्हिल या डिकॅल्बमधल्या शेवटच्या स्टेशनापासून मेट्रो चार-पाच मैल पुढे ग्विनेटमध्ये न्यायची आणि भरपूर बस घालायच्या, अशी योजना. नोव्हेंबर २०१८ च्या मोठ्या निवडणुकीबरोबर हे मतदान घेता आलं असतं. काउंटीच्या नेत्यांनी मार्चमधला आडवेळेचा दिवस निवडला. फारच थोडे लोक मतदानाला आले. ५४ टक्के नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा, या वेळी चार लाखांच्या आसपास मतांत हजारेक मतांनी हार. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे योजनेतून काढून टाकली, मार्टाशी संबंधच ठेवला नाही, नुसत्या काउंटीच्या बस आणि बोलावल्यावर येणाऱ्या छोट्या गाड्या. तरी पडली. त्याच दिवशी कॉबमध्येही तशीच योजना पडली, तिथे तर दहातले सहा विरोधात.

याला १९७१ सारखाच वंशद्वेष म्हणून चालणार नाही. जुन्या गोऱ्या मतदारांतला तो धागा शिल्लक आहे, आणि कमी मतदानात त्यांचं वजन वाढतं. पण माझ्या मते मोठं कारण जमिनीत आहे. रेल्वे येणार नाही हे ठरल्यावर ग्विनेट मोटारीसाठीच बांधली गेली. एकाच तोंडाच्या वसाहती, आत वळणावळणाचे बंद रस्ते, बाहेर सहापदरी रस्ता, दूध आणायलाही तीन मैल. अशा ठिकाणी बस घालायची कुठून? घरापासून थांब्यापर्यंतच वीस मिनिटं चालावं लागतं, उन्हात, पदपथाशिवाय. तिथल्या माणसाला विचारलं, की बससाठी आणखी एक सेंट देशील का, तर तो म्हणतो, मला ती बस मिळणार आहे का? त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचं घर जिथे आणि जसं बांधलं गेलं ते मात्र जुन्या नकारानं ठरवलं.

सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेले आईवडील पाहावेत. पुण्यात सत्तरीतही पीएमपीचा पास काढून एकटे हिंडणारे बाबा इथे सकाळी वसाहतीच्या तोंडापर्यंत फिरून येतात आणि संध्याकाळी मुलगा यायची वाट बघत बसतात. “इथं एखादी एसटी वगैरे काहीच नाही का रे?” असं पहिल्या आठवड्यात विचारतात, मग विचारत नाहीत. त्या मुलाला मतदानाचा हक्क असेल तर त्यानं कुठलं बटण दाबलं हे आईवडिलांना माहीत नसतं.

२०१८ मध्ये विधिमंडळानं नवं प्रादेशिक प्राधिकरण काढलं आणि सगळ्या काउंट्यांच्या बसवर ‘एटीएल’ असं नवं नाव घालायचं ठरवलं. मार्टा या पाच इंग्रजी अक्षरांनीच मतं जातात, असं राज्यकर्त्यांनाही वाटत होतं. रंग बदलला की भीती जाईल, अशी आशा असावी. ग्विनेटनं तर २०२३ मध्ये आपल्या सेवेचं नाव ‘राइड ग्विनेट’ करून घेतलं.

डोराव्हिल स्टेशनच्या पार्किंगमध्ये मात्र वेगळी मतमोजणी बघायला मिळते. जॉर्जियात मोटारीच्या नंबरप्लेटच्या तळाशी काउंटीचं नाव चिकटवायची पद्धत आहे. मार्टाच्या बहुतेक पार्किंगमध्ये पहिले चोवीस तास फुकट असतात. सकाळी विमान पकडायला किंवा शहरात कामाला निघालेले लोक इथे मोटारी लावून मेट्रोत बसतात. रांगेतून चालत प्लेटा वाचत जावं : डिकॅल्ब, ग्विनेट, ग्विनेट, हॉल, ग्विनेट, फोर्साइथ. काहींवर काउंटीचं नाव झाकून ‘आमचा देवावर विश्वास आहे’ अशी पट्टी लावलेली असते, कायद्यानं ती मुभा आहे. त्या गाड्या कुठल्या हे कळत नाही.